आमेन राहिलेली प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थना करावी ती मीच, असा एक समज आहे आणि तो पसरवण्यात माझा स्वतःचा हात मोठा आहे. साखरपुडा असो, नवा फ्लॅट असो, कुणाचा दहावीचा निकाल असो, पाळकसाहेब माझ्याकडे बघून म्हणणार, "ताई, आपण पुढे व्हा." मी लगेच पुढे होते. माझा आवाज चांगला आहे, वाक्य अडत नाही, आणि कुठे क्षणभर थांबलं की बायका डोळ्यांना पदर लावतात, हेही मला पक्कं माहीत आहे.

हे सगळं मला शिकवलं ते संडे स्कूलच्या बाईंनी. मी सात वर्षांची होते. बाई आमच्याकडून बोटांवर मोजून घ्यायच्या: करंगळीला स्तुती, मग उपकार मानणं, मग पापांची कबुली, मग मागणं, आणि अंगठ्याला येशूच्या नावाने आमेन. एखादं बोट चुकलं की त्या ते बोट हलकेच दाबायच्या. आज मी साठीला टेकले आहे, पण प्रार्थनेला उभी राहिले की माझा हात आपोआप मिटत जातो.

दोन वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी सकाळी हडपसरला आमच्या मंडळीतल्या एक वयस्क भगिनी गेल्या. त्यांच्या घरी जाऊन मी प्रार्थना केली. तिथून थेट धायरीला जायचं होतं. संडे स्कूलच्या बाई आता तिथे भाच्याकडे राहत होत्या, आणि गुरुवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ऐंशीच्या वयात झडप बदलायची म्हणजे काय, ते डॉक्टरांनी भाच्याला स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्यासाठी घरगुती प्रार्थनासभा ठेवली होती. सिंहगड रोडला रिक्षा अडकली ती अडकलीच. मी पोचले तेव्हा दहाबारा माणसं गाणी संपवून माझीच वाट बघत बसली होती. बाई कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या.

मी चपला काढल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि सुरू केलं. स्तुती झाली, उपकार झाले, कबुली झाली. आवाज छान लागला होता. मागण्यापाशी आले आणि म्हणाले, "हे दयाळू बापा, ह्या शोकाकुल कुटुंबाचं तू सांत्वन कर, आणि जी आमची बहीण आज आमच्यात नाही..."

कुणीतरी खोकलं. माझं काय चुकलं ते मला अजूनही कळेना.

"अगं," कॉटवरून आवाज आला, "गुरुवार यायचाय अजून."

सगळे हसले. मीही हसले, पण कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या. कसंबसं आमेन म्हटलं. चहा झाला, माणसं उठली. मीही पर्स उचलली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "दार ओढून घे आणि बस."

मी बसले.

"चुकलीस त्याचं काही नाही. सकाळचं तोंडात बसलं होतं. पण डोळे मिटून तू बोलत कुणाशी होतीस?"

"कुणाशी म्हणजे? देवाशी, बाई."

"त्याला माहीत होतं की मी जिवंत आहे. तुला नव्हतं." त्यांना धाप लागत होती. "घरी एकटी असतेस तेव्हा बोलतेस त्याच्याशी?"

मला राग आला. एवढ्या लांब आले, त्याचं हे बक्षीस! पण तोंडातून 'हो' निघेना. प्रार्थनेला शेवटची कधी एकटी बसले होते, ते आठवेना.

बाई छताकडे बघत म्हणाल्या, "पन्नास वर्षं पोरांना शिकवलं मी. शब्द शिकवले. त्याची ओळख करून दिली की नाही, हे आता पडल्या पडल्या मनात येतं. तू माझी सगळ्यात हुशार. गुरुवारी आत जायच्या आधी मला सांग, बोललीस का. आणि माझ्या समाधानासाठी खोटं सांगू नकोस."

सोमवारी दुपारी मी बेडरूमचं दार लावून बसले. स्तुतीची वाक्यं भराभर आली. आली तशी मीच ती थांबवली, कारण ती कुठे वळणार, कुठे थांबणार, हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. ती सोडली तर मागे काहीच उरेना. मंगळवारी तेच. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "दार का लावलंय? तुला तर सगळं पाठ आहे." त्याच्यावर एवढी ओरडले की तो चहा न घेता फिरायला गेला. बुधवारी मला भीती वाटायला लागली. इतकी वर्षं रिकाम्या खोलीत भाषणं केली की काय? आणि दुसरी भीती त्याहून मोठी: हे बाईंना सांगायचं कसं? हृदय थकलेली म्हातारी, उद्या तिची छाती उघडणार. एक 'हो' म्हटलं तर काय बिघडणार होतं? रात्री झोपताना माझं ठरलं होतं, 'हो' म्हणायचं.

गुरुवारी सकाळी सातला हॉस्पिटलमध्ये पोचले. बाईंना हिरवा गाऊन घातला होता. चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"बोललीस?"

"नाही, बाई." माझं मलाच नवल वाटलं. "तीन दिवस बसले. काही येत नाही. पलीकडे कुणी आहे की नाही, तेही मला कळत नाही."

त्यांचा चेहरा पडेल म्हणून मी खाली बघत होते. त्यांनी माझा हात धरला.

"मग हेच त्याला सांग. आत्ता. मी ऐकते."

तेवढ्यात वॉर्डचे मामा स्ट्रेचर घेऊन आले. बाईंना त्यावर घेतलं आणि आम्ही कॉरिडॉरमधून निघालो. मी हात धरून बाजूने चालत होते. "हे कृपाळू..." एवढं म्हणून थांबले. मग म्हणाले, "मला तुझी ओळख नाही. तुझ्याबद्दल खूप बोलले, तुझ्याशी नाही बोलले. मला लाज वाटते. हिला नेऊ नकोस. हिच्याशिवाय मी तुझ्याकडे कशी..."

"ताई, हात सोडा," मामा म्हणाले. दार उघडलं, स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं.

वाक्य अर्धंच राहिलं होतं. मी तिथल्या खुर्चीवर बसले आणि पुढे बोलत राहिले, ओठ हलवत, क्रम नाही, काही नाही. भांडलेही. शेजारी बसलेल्या एक काकू दोन खुर्च्या पलीकडे सरकल्या. उत्तर आलं, असं मी म्हणणार नाही. पण पलीकडे कुणी नाही, असं त्या पाच तासांत एकदाही वाटलं नाही. बाईंसाठी जीव टांगणीला लागला होता, आणि तरी आतून मी इतकी एकटी नव्हते, जितकी भरल्या चर्चमध्ये असायचे.

बाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात पाच मिनिटांसाठी मला आत सोडलं. तोंडात नळी होती, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझा हात ओढला आणि करंगळीपासून एकेक बोट चाचपत गेल्या. अंगठ्यापाशी आल्या, तो किंचित दाबला आणि माझ्याकडे बघितलं. आमेन म्हटलंस का, असं विचारत होत्या.

मी नकारार्थी मान हलवली. नाही, बाई. प्रार्थना संपलीच नाही अजून.

त्यांनी डोळे मिटले आणि माझा अंगठा सोडून दिला.