बाई, पोराले लावा

माझी नोकरी अमरावतीत, फायली इकडून तिकडे करायची. पण नात्यागोत्यात मी मोबाइलचा डॉक्टर. अकोल्याच्या आत्याचा फोन चार्ज होईना. तिच्या घराशेजारी सरकी काढायचा जिनिंग कारखाना आहे. मी दात कोरायच्या काडीनं चार्जिंगच्या भोकातून कापसाचे तंतू ओढून काढले आणि बॅटरीचं चिन्ह हिरवं झालं. मी टाळ्याच वाजवल्या. बायको म्हणाली, "लग्नात एवढे खूश नोते तुमी."

बाबांचं प्रकरण मात्र अवघड होतं. ते चांदूर रेल्वेला एकटे राहतात. काचबिंदूनं नजर इतकी गेली, की समोर माणूस आहे एवढं कळतं, फोनवरचं काहीच दिसत नाही. घरात पडले-झडले तर कळवणार कसं? म्हणून मी सांगून टाकलं होतं, फोन जमला नाही तर सरळ अमरावतीला नेणार. त्यावर ते फक्त "पाहू" म्हणाले.

मी नवा फोन घेतला. बाजूचं बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, की फोनमधली बाई पाहिजे त्याला फोन लावून देते. येणारा फोनही बटणानंच उचलायचा. दोन तास शिकवलं आणि छाती फुगवून परत आलो. आठ दिवस गेले, बाबांचा एक फोन नाही. मीच लावला तेव्हा म्हणाले, "तुही बाई माहं आयकतच नाई."

माझ्या फोनमधली बाई ऐकत नाही म्हणजे काय? रविवारी सकाळी पहिली बस धरली. बडनेरा मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात सगळ्या सेटिंग उघडून-मिटून झाल्या होत्या. मला तर सुरसुरी आली होती.

"करून दाखवा," मी म्हणालो. बाबा खाटेवर ताठ बसले, घसा साफ केला, बटण दाबलं आणि अदबीनं म्हणाले, "बाई, माह्या पोराले फोन लावा."

"बाई यांना फोन लावत आहे," फोन म्हणाला, आणि आत स्वयंपाकघरात घंटी वाजली.

भाकरी करणाऱ्या बाई पिठाच्या हातानं फोन घेऊन बाहेर आल्या. बाबांच्या फोनमध्ये त्यांचा नंबर मीच 'बाई' म्हणून टाकला होता! त्या म्हणाल्या, "आठ दिवस झाले दादा, हेच चालू हाये. मी हॅलो म्हनते, अन् बाबा म्हनतात, बाई, पोराले लावा. मले वाटलं गंमत करून राहिले."

मी हसून हसून खाली बसलो. बिघाड सापडला! ह्याच्यासारखं सुख नाही. म्हटलं, "बाबा, तिला बाई नका म्हणू. नुसतं 'पोराले लाव' म्हणा."

"परक्या बाईले अगं-तुगं करू? काहून? ती आपलं काम करून राहिली."

बाबा बदलणार नव्हते, म्हणून मी फोन बदलला. भाकरीच्या बाईंना 'भाकरी' केलं. 'बाई, माह्या पोराले फोन लावा' हे वाक्य बाबांनी म्हटलं तसंच्या तसं सेटिंगमध्ये भरलं, त्यातल्या 'ले'सकट, आणि त्याच्यापुढं माझा नंबर जोडला.

मंगळवारी दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि फोनवर 'बाबा' उमटलं. मी असा ओरडलो, की साहेब उठून आले.

"लागला का रे?"

"लागला बाबा! एकदम लागला!"

"बस, एवढंच पाहून राहिलो होतो. जेव आता."

त्यांनी फोन खाटेवर ठेवला असावा. बंद कसा करायचा हे शिकवायचं मी विसरलो होतो, त्यामुळे तो चालूच राहिला. मी बंद करणार, तेवढ्यात पुन्हा त्यांचा आवाज आला. हळू आवाजात ते फोनशी बोलत होते.

"लई उपकार झाले बाई तुमचे. आता पोरगं मले अमरावतीले नेत नाई."

मी फोन चालूच ठेवून डब्याशेजारी टेकवला आणि जेवायला लागलो.