पेडलला खेळ नव्हता

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायला गेलो, त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही एक जुनी गाडी घेतली. ऐंशी साल नुकतंच उलटलं असेल. नवरा केंद्रात इंजिनिअर होता आणि मी नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. सासरे, म्हणजे आबा, आमच्याकडेच असत. आयुष्यभर त्यांनी बस डेपोत मेकॅनिकचं काम केलं. शेवटी शेवटी उजवा हात थरथरायला लागला, पाना धरवेना, तेव्हा त्यांना स्टोअरच्या खिडकीत बसवलं गेलं. तिथूनच ते निवृत्त झाले.

बापलेकांचं भांडण असं नव्हतं. पण गाडी घेतली त्या आठवड्यात नवऱ्याने प्लगच्या वायरी उलटसुलट लावल्या आणि आबांनी त्याला शेजाऱ्यांदेखत अक्कलशून्य म्हटलं. तेव्हापासून गाडीचं काही करायचं असलं की तो आबांना विचारत नसे. आबाही आपणहून सांगत नसत.

पुढे ब्रेकचं पेडल हळूहळू खाली बसायला लागलं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा भाग, गळत होता. नवऱ्याने नवा आणला, एका रविवारी स्वतः बसवला आणि चारही चाकांच्या ब्रेक-पाइपांत अडकलेली हवा काढली. पेडल चांगलं कडक लागलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पिंपळगाव बसवंतला आबांच्या बहिणीकडे निघालो. ओझरपर्यंत काही जाणवलं नाही. मग गाडी ओढेना. मागून कांद्याचे टेम्पो हॉर्न वाजवत निघून जात होते. जळका वास आला म्हणून कडेला थांबलो, तर पुढच्या चाकांतून धूर निघत होता. गाडी ढकलून पाहिली, जागची हलली नाही. आम्ही एका बाभळीखाली बसून राहिलो. तासाभराने तीच गाडी एका हाताने ढकलली तरी सरकली. पुढे जायची हिंमत झाली नाही. परत आलो.

चाकांना आतून घासणारे ब्रेक-शू घट्ट बसलेत असं म्हणून नवऱ्याने ते सैल केले. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग त्याने पुढच्या चाकांमधले छोटे सिलिंडर बदलले. चार-पाच मैल गेलं की चाकं पुन्हा धरत, फिरेनाशी होत.

"अहो, आबांना विचारा ना," मी एकदा म्हटलं.

"करतो मी," तो गाडीखालूनच म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत तो पहिल्या पाळीला गेलेला असताना मी आबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत येताना कॉलनीच्या फाटकापाशी गाडी जड व्हायला लागली. कशीबशी दारापर्यंत आणली.

"धरली का चाकं?" आबांनी विचारलं.

"हो."

"मग गार व्हायच्या आत बघू. पाने आन."

मी पाने आणले. आबा बॉनेटपाशी उभे राहिले, थरथरणारा हात त्यांनी खिशात घातला होता.

"मास्टरमधून पाइप निघतो ना, त्याचा नट अर्धा फेरा सैल कर. तोंड लांब ठेव, तेल उडंल."

तेल खरंच उडालं.

"आता ढकल गाडी."

ढकलली तर सहज पुढे गेली. मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"चाकांत दोष असता तर चाकं सुटली नसती. दाब इथंच वर अडकतोय. नट आवळ आणि सांडलंय तिथं पाणी वत, रंग खातं ते. आता खाली वाकून पेडल हातानं दाब. थोडं मोकळं हलतंय का?"

"नाही. लगेच कडक लागतं."

"लगेच कडक लागाय नाय पायजे. खेळ लागतो त्याला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पेडलपासून सिलिंडरमध्ये जाणारी दांडी किंचित लांब पडत होती. पाय काढला तरी आतला दट्ट्या पूर्ण मागे येत नव्हता, त्यामुळे सिलिंडरवरच्या छोट्या टाकीकडे तेल परत जायचं छिद्र झाकलेलं राहत होतं. तेल तापून फुगलं की त्याला चाकांवर दाब देण्यावाचून वाट नव्हती. तापला की द्रव प्रसरण पावतो हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते, पण गेले तीन आठवडे मला ते सुचलं नव्हतं.

दांडीचा नट सोडवून ती आखूड करायला मला अर्धा तास लागला, बोटं सोलली. आबा स्वतः सीटवर बसून पेडल दाबत होते आणि मी टाकीत बघत होते.

"तेल उसळलं का?"

"नाही."

"अजून एक फेरा."

तिसऱ्यांदा टाकीत तेलाचं छोटं कारंजं उठलं.

"मोकळं झालं छिद्र," आबा म्हणाले. सैल केलेल्या पाइपमधून हवा शिरली असेल म्हणून त्यांनी माझ्याकडून ती काढून घेतली. मग मी नाशिकरोडपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. चाकांना हात लावला, कोमट होती.

दुपारी नवरा आला. बॉनेटवरचा ओला डाग पाहून म्हणाला, "कोणी उघडलं हे?"

"मी. आबांनी सांगितलं तसं."

 तो पेडलपाशी बराच वेळ वाकून बसला, हाताने दाबून पाहिलं. मग आत जाऊन आबांसमोर उभा राहिला.

"जुन्या सिलिंडरला हीच दांडी बरोबर बसत होती."

"जुन्याला बसत व्हती. नवा घातला की दांडी नव्यानं लावायची," आबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "माझ्याकडूनबी झालंय हे. चांदवडच्या घाटात, भरल्या गाडीसकट."

हे आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. नवरा खाली बसला.

"मग काय केलंत?"

आबांनी सगळं सांगितलं: त्यांनी दुरुस्त केलेली बस घाटात अडली होती आणि डेपोने त्यांनाच तिथे पाठवलं होतं. प्रवासी उतरून दगडांवर बसले होते, कंडक्टर चिडला होता, आणि आबा त्याच चुकीच्या चाकाकडे तीनदा गेले होते. सांगताना त्यांचा हात जोरात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

त्यानंतर दोघं फार बोलायला लागले असं म्हणता येणार नाही. गाडीबद्दल मात्र बोलत, कधी कधी जेवण थंड होईपर्यंत. ती गाडी आम्ही आणखी चार वर्षं वापरली.