नसरीनआपांची फणसपोळी

शिकाऊ मुलाने बनवलेली व्हिडिओ गेमची लेव्हल खेळायला दुसरं कोणी बसलं, की नसरीनआपा त्या मुलाच्या तोंडात फणसपोळीचा तुकडा कोंबायच्या. तुकडा चपलेच्या तळाएवढा, आणि चिवट असा की त्याने एसटीचं पंक्चर निघालं असतं. दात चिकटले की खेळणाऱ्याला "डावीकडे जा" सांगायची सोयच उरायची नाही. "गेम विकलास की तू काय प्रत्येकाच्या घरी जाऊन बसणार हायस, समजवायला?" असं त्या विचारायच्या. उत्तर द्यायला तोंड मोकळं कुणाचं होतं?

आपा मूळच्या तुडीलच्या. पुण्यात बरीच वर्षं व्हिडिओ गेम बनवून आल्या आणि पोलादपुरात टायरच्या दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. गेममधला एकेक टप्पा, म्हणजे लेव्हल, कशी रचायची ते शिकवायच्या. माझी पहिली लेव्हल म्हणजे एक घाट. त्यात सापळे एवढे पेरले होते की मलाच बाहेर पडायची वाट सापडेना. आणि धुकं असं, की वरंध घाटातल्या धुक्याने येऊन शिकवणी लावावी.

माझ्या वडिलांचं महाडला भांड्यांचं दुकान. एका रविवारी ते मला कायमचं गल्ल्यावर बसवायला न्यायला आले. आपांनी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि माझ्या तोंडात फणसपोळी. "काका, पोराचं काम तरी बघून जावा."

वडील पहिल्याच वळणावर दरीत पडले. पुन्हा पडले. इतके पडले की दरी भरत आली. पूल शेजारीच होता, पण धुक्यात. मी खुर्चीवर नाचत होतो, जबडा हलेना.

"हे असलं बनवतोस होय?" वडील म्हणाले. "चल, ऊठ."

"काका, चूक तुमची नाय, ह्याची हाय," आपा म्हणाल्या. "आठवडा द्या. रविवारी परत अडकलात तर न्या ह्याला, मी अडवणार नाय."

वडील जिना उतरले तशा आपा माझ्याकडे वळल्या. "दरीत ढकलायच्या आधी पडायला शिकव रे. पहिला खड्डा गुडघाभर दे. पडला, उठला, शिकला. मग दे दरी." आणि धुकं? "ती तुझी हौस हाय. काढ." पुलाच्या टोकाला त्यांनी कंदील लावायला सांगितला. "माणूस उजेडाकडं जातो, पाटी वाचत नाय." मी सापळे उपटले. ते बाहेर रचले असते तर पोलादपूरचा स्टँड बुजला असता.

रविवारी वडील बसले. गुडघाभर खड्ड्यात पडले, "हं" म्हणाले, आणि पुढची दरी उडी मारून पार केली. कंदील दिसताच पुलाकडे वळले. पडद्यावर घाटमाथा आला तरी कंट्रोलर हातातून सुटेना.

"पुढचा घाट कुठाय?"

"झालेला नाय अजून," आपा शांतपणे म्हणाल्या. "बनवणाऱ्याला तुम्ही दुकानात नेताय ना."

वडिलांनी कंट्रोलर आपांच्या हातात दिला. मग "लवकर बनव," एवढंच मला म्हणाले, चपला घातल्या आणि एकटेच महाडच्या एसटीकडे निघाले.