इस्त्रीवालीच्या घरातले दोन पलंग

तुम्ही कधी दुसऱ्याच्या घरात घुसून त्याची लेकरं कुठं निजवायची ते ठरवलंय? मी ठरवलंय. वर शाबासकीही घेतलीय.

आमच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाली राहते. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत चार लेकरं. नवरा गेला तेव्हा जुळ्या मुली रांगत होत्या. तेव्हापासून ही बाई दिवसभर उभी आहे. पाय सुजले की एक पाय स्टुलावर ठेवते, मग दुसरा; हात थांबत नाही. कपड्यावरून माणूस ओळखते. मला एकदा म्हणाली, "तुझी उजवी बाहीच आधी उसवते. बोट फार नाचवतेस."

तेच बोट मी तिच्या मागच्या खोलीवर रोखलं. चौघं एकाच सतरंजीवर, एकमेकांना चिकटून. पोरं आहेत की पोती, असं मी तिला शेजारणींसमोर विचारलं. तिनं पुढचा सदरा टेबलावर पसरला. मी तो होकार धरला.

एका वसतिगृहानं काढून टाकलेले दोन दुमजली लाकडी पलंग मी भांडून मिळवले. टेप लावली, भिंतीवर खडूनं खुणा केल्या. मोठे वर, लहान खाली. म्हणजे थोरली आणि मधला वर, जुळ्या खाली. प्रत्येकाला हक्काची जागा! फोटो काढला, आमच्या संघटनेच्या पत्रकात छापला.

तीन आठवड्यांनी दुपारी गेले, तर वरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे आणि कोपऱ्यात तीच सतरंजी गुंडाळलेली. माझं डोकं सटकलं. पलंग लेकरांसाठी आणले आणि तू त्यांचं दुकान केलंस, असं काय काय बोलले. ऐकायला गल्ली होतीच.

इस्त्रीवालीनं हातातली बाही पुरी केली. बोलली ती थोरली.

"मावशी, मधल्याला ऐकू येत नाही. माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. त्याचा अपंगत्वाचा दाखला मीच भांडून आणला होता.

मग ती सांगत गेली. दिवा मालवला की मधल्याला ना दिसतं, ना ऐकू येतं. अंगाला कुणी लागलं तरच त्याला कळतं, की सगळे जागेवर आहेत. म्हणून आई त्याला कायम मधोमध निजवते. एका अंगाला थोरली, दुसऱ्या अंगाला जुळ्या. वरच्या फळीवर तो कठड्याला धरून बसून राहायचा आणि वर्गात बाकावर झोपायचा. मास्तरांनी दोनदा बाहेर उभा केला.

"अक्का, मला सांगायचं नाही का?" मी म्हणाले.

"तू विचारलंस कुठं? तोवर तुझं पत्रकही छापून आलं. म्हटलं, चार दिवस तुझी लाज राखू."

माझी लाज राखली गेली, पोराच्या झोपेवर. मोर्च्यात कुणाच्या बापाला न भिणारी मी, त्या टेबलासमोर मान वर करू शकले नाही. मधला दारात उभा राहून माझ्या बोटाकडं बघत होता. मी मूठ मिटली.

पलंग परत नेऊ नको म्हणते ती, जमिनीला ओल आहे. दोन्ही कापून एकच रुंद, बुटका पलंग करायचाय, चौघं सलग निजतील असा. तुमच्यात कुणाला सुतारकाम येत असेल, तर रविवारी सकाळी करवत घेऊन या. टेप मात्र घरीच ठेवा, आणि लाकडाला हात लावायच्या आधी माप इस्त्रीवालीला विचारा.