राखीव विमान

विमान जमिनीवर उभं राहिलं की तो पांढरा हत्ती, हे वाक्य मी आमच्या विमान कंपनीत इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे पुढे मीच ते इतरांना ऐकवू लागले. माझं काम विमानांचं वेळापत्रक बांधायचं: कोणतं कुठून उडेल, किती मिनिटं थांबेल, मुक्कामाला कुठे जाईल. हे सगळं मी भिलाईत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये, बाबांच्या खाटेशेजारी बसून करायची. त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून मी गावाबाहेर पडले नव्हते. देशभर विमानं फिरवणारी बाई, आणि दूध आणायला जायचं तर शेजारच्या काकूंना बसवून!

बंगळूरला एक राखीव विमान नुसतं उभं असायचं. ते मी उड्डाणांना लावलं आणि बाबांना कौतुकाने सांगितलं. बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर राबलेले. तोंड वाकडं झालं तरी बोलणं तिखटच.

"आमच्या ओव्हनवर एक मानूस नुसता बसून राहाचा," ते म्हणाले. "साहेब म्हने, फुकटचा खाते. पन कोनाचा रिलिव्हर, पुढच्या पाळीचा मानूस, नाई आला, का त्याले उभं कराचं. तुयं बसलेलं विमान कावून उठवलं?"

"बाबा, तुमचा काळ गेला," मी म्हटलं. वर हसलेही.

माझे साहेब मात्र खूश झाले. सोमवारी गुडगावच्या मुख्य कार्यालयात हजर व्हा, म्हणाले. मोठी जागा, पण घरून काम बंद. पुढची सोय लागेपर्यंत बाबांजवळ राहायला बंगळूरच्या धाकट्या भावाने पंधरा दिवसांची रजा काढली. शनिवारी संध्याकाळी तो रायपूरला उतरणार, रविवारी मी तिथूनच निघणार. बॅग भरताना मी गुणगुणत होते आणि बाबा बघत होते. त्याची लाज मला आजही वाटते.

शनिवारी सकाळी मुंबईत एका विमानाच्या चाकात बिघाड निघाला. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे तेच विमान संध्याकाळी बंगळूरहून रायपूरला यायचं होतं. त्याच्या जागी लावायला दुसरं नव्हतं. भावाचा फोन आला.

"ताई, फ्लाइट कॅन्सल हो गई. सोमवारच्या आधी सीटच नाई भेटून राहिली. तू रुक ना दोन दिवस."

मी साहेबांकडे दोन दिवस मागितले. त्यांनी जागा दुसऱ्याला दिली. मग भावानेही रजा रद्द केली. आता येऊन करायचं काय?

मला बाबांचा भयंकर राग आला, त्यांचंच म्हणणं खरं निघालं म्हणून. रविवारभर औषधं दिली, तोंड पुसलं, कूस बदलली, पण सगळं धुसफुसतच. संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी आपटून घेतली.

सोमवारी लॅपटॉप उघडला. बॅग अजून दाराशीच होती. गुडगावला माझ्या जागी बसलेल्याने पहिली मेल मलाच पाठवली होती: कोलकात्याचं राखीव विमानही कामाला लावा. मी वाचत असताना बाबांनी चांगल्या हाताने खाटेची कड ठोकली. पूर्वी तो बसलेला माणूसही नसला आणि रिलिव्हर आला नाही, की ते सोळा तास काढून घरी यायचे, आणि दारातून आईला दोनच शब्द सांगायचे.

"डबल शिफ्ट?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं आणि त्यांची कूस बदलायला उठले.