गोंदण आणि पिवळी शाई

“ही माझी आई न्हाई,” पारूमावशी म्हणाल्या.

दौंडमधल्या माझ्या स्टुडिओच्या गच्चीवर मी मलमलचा ओला तुकडा धरून उभा होतो. त्यावर निळ्या रंगात म्हातारीचा चेहरा उमटला होता. नाक, डोळे, पदर, सगळं जागेवर.

“कपाळावरचं गोंदण कुठं हाय? हनुवटीवरचं?”

गोंदण खरंच नव्हतं.

कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या रोलचा जमाना संपत आला होता, तेव्हाची ही गोष्ट. हौसेनं कापडावर छापलेली निळी पानं मी स्टुडिओत टांगली होती. केडगावकडच्या मावशींनी ती पाहून विचारलं, “ह्येच्यावर माणूस उतरंल का?” त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. लेकीला आजीनं वाढवलेलं, आणि आता आजी नव्हती. लेकीच्या गोधडीत मधोमध आजीचा चेहरा हवा होता, तोही आजोबांच्या धोतरावर. बाकी धोतरं आधीच्या गोधड्यांत गेली होती. धड तुकडा एकच उरला होता. तो नासला की संपलं, म्हणून आधी मलमलवर करून बघत होतो.

ही छपाई उन्हावर चालते. कापडाला औषध लावायचं, वर निगेटिव्ह आणि काच ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं. ऊन लागेल तिथं निळं, अडेल तिथं पांढरं. निगेटिव्ह मी आजीच्या फोटोवरून कॉम्प्युटरवर करून इंकजेट प्रिंटरनं पारदर्शक फिल्मवर काढायचो. गंमत अशी, की काळी शाई आपल्याला दाट दिसते, पण उन्हातले अतिनील किरण तिच्यातून बऱ्यापैकी पार होतात. पिवळी दिसायला फिकट, पण ती त्यांना चांगलीच अडवते. माझ्या निगेटिव्हमध्ये काळीच जास्त होती. चेहरा सगळा निळा झाला आणि गोंदण त्यात बुडालं. मी पिवळी वाढवली. आता आजी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरीफटक, गोंदण पुन्हा गायब.

दोन्ही शायांचा मेळ बसेपर्यंत मलमल संपत आली. शेवटी गोंदण दिसलं. मावशींनी पिशवीतून धोतर काढलं आणि माझा हात थांबला. धुऊन धुऊन विरलेलं ते कापड औषध जास्त पिणार, निळं गडद येणार. आधी त्याच्याच पट्टीवर टेस्ट घ्यायला हवी होती. पण मागायची कशी?

“काय झालं, दादा?”

“मावशी, यातली एक पट्टी मिळाली असती तर... पण तुकडा एकच आहे.”

मावशींनी दातानं काठ तोडला आणि टर्रकन पट्टी फाडून माझ्या हातात दिली. “आई असंच फाडून शिवायची. फाडल्याबिगर गोधडी व्हती का?”

पट्टीवर कपाळ काळपटच आलं. मी पिवळी आणखी थोडी वाढवली. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला गोंदण उठून दिसलं. मग मोठा तुकडा घेतला. पाण्याच्या टबात औषध सुटत गेलं आणि हनुवटीवरचे तीन ठिपके वर आले.

“आता वळखू आली,” मावशी म्हणाल्या आणि टबापाशी बसूनच राहिल्या.

पट्टी मी कचऱ्यात टाकायला निघालो, तर त्यांनी हातातून घेतली. “तिच्यात बी आई हाय की. काठाला लावीन.”

शायांचा मेळ डोळ्यांनी ठरवू नये. ज्या कापडावर छापायचं, त्याच्याच तुकड्यावर ठरवावा. हे पुण्याच्या वर्कशॉपमध्ये मला सांगितलेलं होतंच. त्यासाठी आपलं शेवटचं कापड फाडून देणारं गिऱ्हाईक लागतं, हे सांगितलं नव्हतं. मला ते पहिल्याच कामात भेटलं. त्या बाईंचे उपकार मी विसरलेलो नाही.