कोऱ्या माठातली सोडत
कोऱ्या माठात पहिलं पाणी ओतलं, की त्या वासानं मला नव्वदच्या दशकातली लखनौची एक दुपार आठवते. गोमती नगरात एका हाउसिंग सोसायटीच्या प्लॉटची सोडत होती आणि ती काढणारा कॉम्प्युटर प्रोग्राम मी लिहिला होता. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, त्यामुळे मांडवात सगळ्यांसमोर जरा ताठच बसलो होतो. कूलरच्या घरघरीत सेक्रेटरीसाहेबांनी तीन नावांचा कागद माझ्या हातात सरकवला. “ये निकलने चाहिए. कम्प्यूटर से कौन लड़ेगा, यार?” मला पुढची कामं देणं त्यांच्याच हातात होतं, म्हणून मी कागद खिशात ठेवला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक रिटायर्ड मास्तर काठी टेकत आले. “बेटा, मशीन झूठ तो नहीं बोलती न?” “बाबूजी, जो हम बुलवाएँ वही बोलती है.” “अच्छा, तो तुम क्या बुलवाओगे?” मी उठून माइकवर सांगितलं, “प्रोग्राम में गड़बड़ है, पर्चियाँ डालिए.” प्रोग्राममध्ये काहीच गडबड नव्हती. सेक्रेटरी मोठ्यांदा म्हणाले, “पढ़े-लिखे हो या यूँ ही?” मांडव हसला. प्याऊसाठी, म्हणजे पाणपोईसाठी आणलेल्या कोऱ्या माठात चिठ्ठ्या पडल्या, त्या बाहेर निघाल्या त्या मातीचा वास घेऊन. मास्तरांची निघाली नाही. “कोई बात नहीं, सबके सामने तो हुआ,” म्हणत ते गेले. त्या सोसायटीनं मला पुन्हा बोलावलं नाही. आता घरात फ्रीज आहे, तरी दर उन्हाळ्यात मी नवा माठ आणतो आणि पाणी ओतण्याआधी एकदा वाकून आत बघतो.